गडाबाहेरचा राजा

पाचवा भाग अर्ध्यावर आला आणि गौतम खंदारेनं बायकोला पहिला भाग पुन्हा आणायला सांगितलं.

"तो मागच्याच आठवड्यात परत केला ना?" गीता म्हणाली. तरी शाळेतून येताना ती सुलतान बाजारात उतरली आणि मराठी ग्रंथालयातून पुस्तक घेऊन आली.

गौतम टेलिफोन खात्यात लाइनमन होता. त्या साली हैदराबादभर नव्या लाइनी ओढायची धांदल चालली होती. आठ-आठ वर्षं नंबर लावून बसलेल्यांच्या घरी फोन वाजू लागले होते. त्या धांदलीतच तो खांबावरून पडला. पाय प्लास्टरमध्ये, दीड महिना खाटेवर. वेळ जाईना म्हणून त्यानं 'धूम्रगडाचं सिंहासन' दुसऱ्यांदा वाचायला घेतलं. सहा जाडजूड भाग, त्यात उडते सर्प, बोलणारे डोंगर, शापित तलवारी. मलपृष्ठावर ना लेखकाचा फोटो, ना दोन ओळींची माहिती. नुसतं नाव, एकनाथराव सरदेशमुख.

पंधराव्या वर्षी ते सहा भाग त्यानं अधाशासारखे वाचले होते. त्यातला निरंग त्याला आपला वाटला होता. निरंग गडाबाहेरच्या वस्तीतला, मेलेली जनावरं ओढणाऱ्यांचा पोर. सहाव्या भागाच्या शेवटी तो गादीवर बसतो. गौतमचे वडील, तातेराव, बेगम बाजारात हमाली करता करता गेले होते. निरंग बसला, तर आपणही कुठंतरी बसू, या एका भरवशावर त्यानं मॅट्रिक काढली होती.

आता मात्र भलतंच दिसायला लागलं. पहिल्या भागात एक दासी टोपली घेऊन गडाखाली उतरते. अर्धी ओळ, बस्स. तिसऱ्या भागात वस्तीतली एक म्हातारी जे गाणं गुणगुणते, तेच राणी पहिल्या भागात पाळण्याशी म्हणते. पाचव्यात आंधळा प्रधान निरंगचा चेहरा चाचपतो आणि कारण न सांगता रडतो. लेखकानं उघड काहीच सांगितलं नव्हतं. पण तिन्ही जागा शेजारी ठेवल्या की शंकेला वाव राहत नव्हता. निरंग राणीचाच मुलगा होता.

म्हणजे वस्तीतलं पोर गादीवर बसलंच नव्हतं.

गौतमला दोन दिवस जेवण गेलं नाही. प्लास्टर निघाल्यावर ग्रंथालयातून पत्ता घेऊन, काठी टेकत तो विद्यानगरला सरदेशमुखांच्या घरी गेला. सुनेनं दार उघडलं, चहा आणला. एकनाथराव चौसष्ट वर्षांचे, उंच, मोजकं बोलणारे. गौतमनं दासी, गाणं आणि प्रधान एकापाठोपाठ सांगितलं, तसे ते खुर्चीत पुढं सरकले.

"वीस वर्षांत हे कुणाच्या ध्यानात आलं नाही," ते म्हणाले. त्यांना आनंद झाला होता, तो लपत नव्हता.

"पण असं का केलंत, सर? वस्तीतलाच ठेवायचा होता."

"लोकांनी बसू दिला असता गादीवर?"

"दिलाच की. निरंग राणीचा आहे हे गोष्टीत कुणाला माहीत आहे?"

"बाकीच्यांना नसेल. मला तरी माहीत असावं लागत होतं," एकनाथराव म्हणाले. मग त्यांनी नाव विचारलं.

गौतमनं पूर्ण नाव सांगितलं, गाव सांगितलं. नांदेडकडची बोरखेडी.

त्यांनी कप खाली ठेवला. घरी कोण कोण असतं, आई आहे का, एवढंच विचारलं. आई आहे म्हटल्यावर ते उठलेच. औषधाची वेळ झाली होती म्हणे.

"हे कुठं बोलू नका," दाराशी ते म्हणाले. "आणि इथं पुन्हा येऊ नका."

आतून सुनेनं कोण आलं होतं म्हणून विचारलं. "टेलिफोनवाले," असं त्यांनी सांगितलेलं गौतमनं पायऱ्या उतरताना ऐकलं.

आडनाव ऐकून चहाचा कप खाली ठेवणारे लोक त्याला नवे नव्हते. पण या माणसाची पुस्तकं पंधराव्या वर्षी तो उशाशी घेऊन झोपला होता.

पुढच्या महिन्यात ग्रंथालयानं एकनाथरावांचा सत्कार ठरवला. जुना वाचक म्हणून गौतमनं पाच मिनिटं बोलावं, असा चिटणीस भगवंतरावांचा आग्रह होता. गीता नको म्हणत होती. तो गेला. भरल्या सभागृहात त्यानं तिन्ही जागा वाचून दाखवल्या आणि शेवटी म्हणाला, "सरदेशमुखांना आमचं पोर गादीवर बघवलं नाही. म्हणून त्यांनी त्याच्या अंगात आपलं रक्त घातलं."

कुणी टाळी वाजवली नाही. खांद्यावरची शाल काढून एकनाथरावांनी खुर्चीवर ठेवली आणि सुनेचा हात धरून ते निघून गेले. गौतमला त्या रात्री कितीतरी दिवसांनी शांत झोप लागली.

पंधरा दिवसांनी ग्रंथालयाचं वार्तापत्र घरी आलं. पहिल्याच पानावर सत्काराचा फोटो होता. गौतमची आई, सखूबाई, शेंगा सोलत बसल्या होत्या. लेकाचा फोटो आलाय म्हटल्यावर त्यांनी हात पुसून पान मागून घेतलं, उजेडाला धरलं आणि बराच वेळ बघत राहिल्या. लेकाकडं नाही, त्याच्या शेजारी शाल पांघरून बसलेल्या माणसाकडं.

"ह्यो कोन?"

"तेच ते, सरदेशमुख. ज्यांना मी भर सभेत सुनावलं."

"कुठला सरदेशमुख?" सखूबाई म्हणाल्या. "एकनाथ खंदारे हाय ह्यो. तुझा सख्खा चुलता. शिकून गेला अन् आमाला विसरला, म्हनून आमी तुला चुलता मेला असंच सांगितलं. ह्याला शिकवायला तुझ्या बापानं पाटी टाकली अन् पोतं उचललं."