नोटीस न देता

"ताई, सिस्टीममध्ये तुमच्या आईच्या नावापुढे 'नोटीस न देता नोकरी सोडली' असं आलंय. नोटिशीच्या काळाचा पगार कापून हिशेब पूर्ण झाल्याशिवाय कराचा फॉर्म सोळा निघत नाही." कंपनीच्या ऑफिसातल्या दाभाडेसाहेबांनी स्क्रीन तिच्याकडे वळवला.

मृदुलाने ती ओळ दोनदा वाचली. आई या कंपनीत वीस वर्षं होती. अंगात ताप असला तरी आधी रजेचा अर्ज लिहायची, मग गोळी घ्यायची. मार्चमध्ये हॉस्पिटलच्या खाटेवरूनही तिने मृदुलाला अर्ज घेऊन इथेच पाठवलं होतं.

"बदला ते."

"मला अधिकार नाही हो. हेड ऑफिसला मेल करावा लागेल. त्यांच्या आयकर रिटर्नची मुदत संपत आलीय, उगाच कशाला अडकता? ही कपात मान्य म्हणून सही करा, फॉर्म आत्ता देतो."

"रिटर्न कालच भरलं. आईच्या पगाराच्या स्लिपा होत्या, कापलेला कर पोर्टलवर दिसत होता. तुमच्या फॉर्मवाचून काही अडलं नाही."

"मग आलात कशाला?"

मृदुलाने आवाज चढवला नाही. "स्मशानात कंपनीच्या वतीने आईला हार तुम्हीच घातलात ना?"

दाभाडेसाहेबांचा हात माऊसवरच थांबला.

"मग करा हेड ऑफिसला मेल. आई नोकरी सोडून कुठे गेली, ते तुम्ही डोळ्यांनी पाहिलंय. तेवढं लिहा."

खुर्ची पुढे ओढून ती बसली.