आज आपल्या नंबराला बंदी

"कुठली बस आली, वाच गं पोरी," एलिएसेरनी तिसऱ्यांदा विचारलं.

नोरालबाचं डोकं फिरलं. बसच्या कपाळावर दिव्यांची हातभर पाटी झळकत होती. "तुम्हीच वाचा ना, पापा. मला हे वाचू द्या."

हे म्हणजे तिची वही. म्हाताऱ्या माणसांची देखभाल कशी करायची, याचे नऊ महिन्यांचे धडे तिने त्यात उतरवून घेतले होते. उद्या माद्रिदमध्ये चौऱ्याऐंशी वर्षांच्या एका बाईंकडे तिला हजर व्हायचं होतं. आजचं विमान चुकलं तर नोकरी दुसरीला. आणि वडिलांनी काय केलं? गावाहून, सिपाकिराहून, थेट विमानतळ गाठायचं सोडून बोगोताच्या वेशीवरच बस टर्मिनलच्या वाहनतळात गाडी लावली. का, तर आज आपल्या गाडीच्या नंबराला शहरात बंदी. सम-विषमाचा हा घोळ नेमका आजच आडवा यावा! गाडीही अशी हाकली की भाजीचे टेम्पो मागून येऊन पुढे गेले. आता दोन बॅगा आणि दोन बस.

"हीच आपली," म्हणत ते चढले. ती मागोमाग चढली. ती बस त्यांची नव्हतीच. तीन थांब्यांनंतर उतरून उलटं यावं लागलं, त्यात अर्धा तास पाण्यात गेला.

"चाळीस वर्षं ट्रक चालवलात आणि एक पाटी वाचता येत नाही तुम्हाला?"

खिशातून गाडीची किल्ली काढून त्यांनी तिच्या हातात दिली. "बसमध्ये खिसेकापू फार. तुझ्या कोटाच्या आतल्या खिशात ठेव."

विमानतळावर पोचले तेव्हा बॅगा घेणं बंद व्हायला सात मिनिटं होती. धावपळीत निरोप नावालाच झाला. चीजच्या पावांची पुडी त्यांनी तिच्या हातात कोंबली, तिने ती घाईने घेतली. गालाला गाल लावायचंही राहून गेलं.

तपासणीच्या रांगेत खिसे रिकामे करताना किल्ली हाताला लागली. आता मात्र हद्द झाली. तिने फोन लावला.

"पापा, किल्ली माझ्याकडेच राहिली! गाडी कशी नेणार आता?"

"राहू दे तुझ्याकडे. दुसरी शेजारच्या उबाल्दोकडे आहे. तो आणेल गाडी. डोळ्यांच्या डॉक्टरांनी तीन महिन्यांपूर्वीच गाडी सोडायला सांगितलंय. टर्मिनलपर्यंतचा रस्ता पाठ आहे, म्हणून तेवढं तरी तुला सोडलं. किल्ली खिशात असती ना, तर परत जाताना चालवायला बसलोच असतो. खोड जात नाही."

"आणि आपल्या नंबराला बंदी?"

"ती उद्या आहे."

मागच्या बाईने तिला पुढे सरकायला सांगितलं. नोरालबाने कोट ट्रेमध्ये ठेवला, त्यावर किल्ली, त्यावर वही. वही पहिल्याच पानावर उघडली. तिच्याच अक्षरात, खाली लाल रेघ मारून लिहिलं होतं: पाट्या दुसऱ्यांकडून वाचून घेतात का, यावर लक्ष ठेवणे.