मोकळे केस

“पोरगी वेशीबाहेर गेली, तर ह्या घराचा दिवा विझंल!”

तीस वर्षं झाली, केस मोकळे सोडून घुमणाऱ्या वहिनीचा तो आवाज मंदाच्या कानांत जात्यासारखा फिरत होता. त्या शब्दापुढं दादानं हात जोडले आणि नर्सिंगसाठी सांगलीला निघालेल्या मंदाची पेटी उचलून माळ्यावर ठेवली.

मंदानं वहिनीला कधी दोष दिला नाही. “ती कुठं बोलली? देवी बोलली. दादा तर शुद्धीवर हुता न्हवं?” दादाशी मात्र तिनं अबोला धरला. “मंदे, एकदा तरी बोल की गं,” म्हणत म्हणत तो गेला, तरी तिनं तोंड उघडलं नाही.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी ती वहिनीच्या पांढऱ्या केसांना तेल लावत होती. एकाएकी वहिनीचं अंग थरथरायला लागलं. मंदानं लगबगीनं हात जोडले, “आई, काय चुकलं का आमचं?”

वहिनीनं तिचे जोडलेले हात सोडवले.



“वन्सं, आज न्हाई, आन् त्या दिवशीबी माझ्या अंगात कुणी आलं न्हवतं.”