पात्याची टकटक

सिगार वळणाऱ्या बायकांना साहेबांनी विचारलं, "सिगारचा नवा घाट वरच्या मजल्यावर उस्तादांकडे एकेकटीनं शिकणार, की इथं माझ्यासमोर सगळ्यांनी मिळून?" "सगळ्यांनी मिळून!" हॉल ओरडला. मागं एकटीनं शिकलेली मुकादमीण होऊनच खाली उतरली होती. ओविदिया मात्र पुटपुटली, "मी एकटीच शिकेन." "बघा, हिलाही खुर्ची हवी!" कुणीतरी ओरडलं. इतक्यात तिचं पान कापायचं पातं फळीवर टकटकू लागलं. हवानाच्या कारखान्यांत दाद अशीच देतात. "साहेबांना टाळ्याही वाजवतेय मेली!" शेजारच्या नेरेइडानं रागानं तिचं मनगट दाबलं. ते मुठीतही थरथरतच राहिलं. "हे कधीपासून गं?" नेरेइडा कुजबुजली. "उस्ताद सांभाळून घेतील," ओविदिया हळूच म्हणाली. "इथं साहेबांना दिसलं तर काढून टाकतील." नेरेइडानं मनगट सोडलं आणि आपलं पातं दणादण ठोकलं. "साहेब, मीही एकटीच शिकणार!" संशयी नजरा तिच्याकडे वळल्या, ओविदियाची टकटक त्या ठोक्यांत बुडून गेली.