पोस्टमनचे घोटे

"काका, हवा तर गारेगार येतेय," मेकॅनिक स्टुलावर उभा राहून म्हणाला. एखाद्याला ताप आहे का बघावं तसा त्याने एसीच्या तोंडाशी हात धरला होता.

"आत्ता येतेय," काका म्हणाले. "डॉक्टर समोर आले की पेशंटला बरंच वाटतं."

मेकॅनिकने जाळी काढून पाहिली. स्वच्छ होती. असणारच, मागच्याच महिन्यात त्याने ती धुतली होती, गरज नसताना.

खोलीत खाट नव्हती, खुर्चीही नव्हती. खिडकीच्या काचेला काळी फिल्म, तिच्यावर जाड पडदा, पडद्याच्या फटीला चिकटपट्टी. भिंतभर काचेचं कपाट आणि त्यात मंद दिव्याखाली खेळणी: पत्र्याचा कोंबडा, ढोल वाजवणारं चावीचं अस्वल, मऊ प्लॅस्टिकचा पोस्टमन, आगीचा बंब. बंब एका बाजूने लालभडक आणि दुसऱ्या बाजूने फिका गुलाबी होता, कारण जुन्या घरात तो खिडकीशी असायचा. तेव्हापासून काकांच्या घरात उन्हाला प्रवेश नव्हता. कपाटावर 'कृपया काचेला हात लावू नये' अशी पाटी होती. ती तंतोतंत पाळली जात होती.

एसी मुलाने पाठवला होता, बाबांना उन्हाळ्यात बरं म्हणून. बाबा बाहेरच्या खोलीत पंख्याखाली बनियन घामाने भिजवत झोपायचे आणि मुलाला फोनवर सांगायचे की एसीने फार फरक पडला. पडलाच होता. कोंबड्याला विचारा.

मेकॅनिक गॅलरीत बाहेरचं युनिट बघायला गेला. परत आला तेव्हा त्याच्या हातात एसीच्या नळीखालची बादली होती. त्याने ती उलटी करून दाखवली. थोडी धूळ पडली.

"काका, एसी कधीपासून बंद होता?"

काका पडद्याकडे बघत राहिले.

"चालू असता तर बादलीत पाणी असतं. मी बेल वाजवली तेव्हा लावलात ना?"

"त्याच्या आधी. तुम्ही फाटकाशी दिसलात तेव्हा."

"मग खोली गार होत नाही अशी तक्रार कशाला केलीत?"

"बंद एसीने खोली गार होत नाही. तक्रार खरी आहे," काका म्हणाले. "मागच्या वेळची खोटी होती. तुम्ही बिचारे घाम गाळून बिघाड शोधत होतात. मला फार अपराधी वाटलं. म्हटलं, या वेळी रीतसर."

मेकॅनिकने बादली खाली ठेवली. त्याची नजर कपाटाकडे गेली. पोस्टमन घोट्यांतून पुढे कलला होता. आणखी थोडा कलला असता तर पत्रांच्या थैलीसकट कोंबड्याच्या अंगावर पडला असता.

"हा असा नव्हता."

"नव्हता. उष्णतेने घोटे मऊ पडतात. सगळा भार तिथेच येतो."

"हे तुम्हाला ठाऊक होतं?"

"मला नाही तर कोणाला असणार?"

"आणि तरी बंद ठेवलात?"

"कोंबडा पत्र्याचा आहे. अस्वलाला काही होत नाही," काका म्हणाले. "राहिला पोस्टमन. त्यांना उन्हात हिंडायची सवय असते."

मेकॅनिक हसेल असं काकांना वाटलं होतं. पहिल्यांदा तो खऱ्या बिघाडासाठी आला होता तेव्हा हसला होता. गॅस भरेपर्यंत हाताला काम नव्हतं म्हणून त्याने सहज विचारलं होतं, हे अस्वल वाजतं का हो? काकांनी वाजवून दाखवलं होतं. एवढंच झालं होतं.

"काका, माझा भाग बदललाय," मेकॅनिक म्हणाला. "उद्यापासून मी पुलापलीकडे. आता बोलावलंत तर दुसरा येईल."

"कसा आहे?"

"चांगला आहे. वेळेवर येतो."

"त्याला खेळण्यांची आवड आहे का?"

मेकॅनिकने प्रामाणिकपणे विचार केला. "त्याला गॅस चांगला भरता येतो."

त्याने पाने-पकडी पिशवीत भरल्या. "तुमच्या मोबाईलवर कोड आला असेल. तो सांगा, म्हणजे तक्रार बंद होईल."

"नाही आला अजून."

काकांच्या खिशात फोन नुकताच टिणटिणला होता. दोघांनीही ऐकला होता. मेकॅनिकने पिशवी खाली ठेवली आणि तो स्टुलावर बसला.

"येईल. तोवर अस्वल वाजवा."

काकांनी कपाट उघडलं. एरवी ते चावी अर्धीच द्यायचे; जुन्या स्प्रिंगला जास्त सोसत नाही. आज पूर्ण दिली. अस्वल जोरात ढोल बडवायला लागलं. मग हळू झालं, मग एकेक ठोका लांबत गेला. दोन्ही हात वर असताना थांबलं.

काकांनी कोड सांगितला.

मेकॅनिकने जाताना बादली नळीखाली नीट ठेवली. "काका, एसी चालू राहू द्या," तो दारात म्हणाला. "आणि एखादेवेळी तुम्हीही आत झोपत जा."

तो गेल्यावर काकांनी स्वयंपाकघरात पाणी गरम केलं. वाकलेले घोटे सरळ करायची रीत त्यांना पाठ होती: पाय गरम पाण्यात बुडवायचे, मऊ झाले की सरळ करायचे आणि गार होईपर्यंत मुठीत धरून बसायचं. घाई करायची नाही. काका पोस्टमनचे पाय मुठीत धरून बसले.

टक, असा आवाज आला. थोड्या वेळाने परत एकदा, टक.

पोस्टमनला तसंच हातात धरून काका लगबगीने उठले आणि त्यांनी दार उघडलं. बाहेर कोणी नव्हतं. मागे गॅलरीत कोरड्या बादलीत आणखी एक थेंब पडला.

काका दार धरून उभे राहिले. ऊन तेवढं आत आलं.