ब्राइडला यमक

"साइड," मंगला माजघरातून म्हणाली.

"झालें. तिरुप्पनंदाळच्या लग्नांत."

"गाइड."

"तें दोनदां झालें."

"प्राइड."

"तें नोको!" हनुमंतरावांनी झोपाळ्यावरून हात झटकला. प्राइडचं नाव काढायची सोय राहिली नव्हती. मागच्या लग्नात ते ‘ब्राइड’पाशी श्वास घ्यायला थांबले, तेवढ्यात पहिल्या रांगेतून वकील चंद्रमौली ‘प्राइड’ म्हणून मोकळे झाले आणि अख्खा पंदल, म्हणजे लग्नाचा मांडव, हसला. त्या दिवशी मास्तर न जेवता घरी आले होते.

कुंभकोणात शिकल्यासवरल्या घरचं लग्न या निवृत्त इंग्रजी मास्तरांच्या आठ ओळींवाचून होत नसे. ओळी गुलाबी कागदावर छापायच्या, चंदन-गुलाबपाण्याबरोबर पाहुण्यांना वाटायच्या आणि मास्तरांनी उभं राहून वाचायच्या. कविता बरी की वाईट हे कोणी विचारत नसे. यमक मात्र चोख लागायचं. जवळपासच्या यमकाला मास्तरांनी उभ्या आयुष्यात कोणा पोराला अर्धा मार्क दिला नव्हता.

आता घरचंच लग्न. धाकटी लेक पंकजा परवा बोहल्यावर चढायची होती. बायको आमंत्रणं करायला पापनाशमला गेली होती, त्यामुळे घरात जरा शांतता होती, पण कागद दुपारी छापखान्यात जायला हवा होता. पहिली ओळ झाली होती: ‘अवर पंकजा इज नाउ अ ब्राइड.’ आमची पंकजा आता नवरी झाली. दुसरी ओळ अडून बसली होती.

यमकं पुरवायची ती थोरल्या मंगलानं. नवरा गेला, ती माहेरी परत आली, तेव्हापासून हे काम तिचं. तिनं दिलेली यमकं गावातल्या सगळ्या लग्नांत जाऊन आली. ती एकाही लग्नात गेली नाही. विधवेनं पंदलात पाऊल टाकायचं नाही, आणि सख्ख्या बहिणीचं लग्न म्हणून रीत काही बदलत नाही. परवा मंगला मागच्या कोठीत बसणार, हे कोणी बोलून दाखवलं नव्हतं. बोलायची गरजच नव्हती. मंगलाला मात्र तिथं बसायचं नव्हतं. पंकजाला तिनं कडेवर वाढवलं होतं.

ती दाराशी येऊन उभी राहिली.

"एक उरलें आहे, अप्पा. बिसाइड. ओळच सांगतें. ‘हर एल्डर सिस्टर स्टँड्स बिसाइड.’"

हनुमंतरावांनी मांडीवर बोटांनी ठेका धरून पाहिला. ओळ नेमकी बसत होती. मग अर्थाकडे लक्ष गेलं. नवरीची थोरली बहीण तिच्या शेजारी उभी आहे. झोपाळा थांबला.

"ओळ बरी आहे. पण खरी नव्हे."

"छापलीत तर खरी करावी लागेल," मंगला म्हणाली.

हनुमंतराव कागदावर वाकले आणि दुसरंच लिहिलं: ‘अँड ऑल द लॅम्प्स आर बर्निंग ब्राइट.’ सगळे दिवे लखलखत आहेत. दिव्यांना कोणाची हरकत नसते.

पंकजानं मागून येऊन वाचलं. ती एसएसएलसी, म्हणजे मॅट्रिक, झालेली होती.

"ब्राइड आणि ब्राइट? अप्पा, हें जुळत नाहीं."

"जवळपास जुळतें."

"चंद्रमौलीमामा जवळपास हसणार नाहींत. पुरते हसतील."

हनुमंतरावांनी दोन्ही शब्द पुटपुटून पाहिले. भातात खडा लागावा तसं झालं. माणूस रीतीला भितो हे खरं, पण वकिलाच्या हसण्याला त्याहून भितो. त्यांनी मंगलाकडे पाहिलं. एरवी ती मान खाली घालत असे, आज घातली नाही. त्यांनी दिव्यांवर काट मारली आणि तिची ओळ लिहून टाकली. फार जड गेलं नाही. इंग्रजीत त्यांनी आजवर पुष्कळ धीटपणा केला होता.

"जमलें काय रे?"

स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी त्यांची थोरली बहीण मीनाक्षीबाई चिंच फोडत बसली होती. परकरी वयात विधवा झालेली, डोक्यावर केस नाहीत, अंगावर लाल आलवण. घरातलं सोवळंओवळं तिच्या शब्दावर चालायचं. इंग्रजी तिला येत नव्हतं.

"जमलें, अक्का."

"मग काय लिहिलेंस तें आपल्या बोलींत सांग."

हनुमंतरावांनी चष्मा काढला, धोतराला पुसला, परत घातला. पंकजानं मंगलाचा हात घट्ट धरला. दोघी घाबरल्या होत्या, आणि मास्तर दोघींहून जास्त.

"पंकजा नवरी झाली," ते म्हणाले. "आणि... तिची अक्का तिच्या शेजारीं उभी आहे."

मीनाक्षीबाईचा हात थांबला.

"तुझ्या लग्नांत मी कोठींत होतें," ती म्हणाली. "दाराच्या फटींतून पाहिलें. नागस्वरवाल्यांच्या पाठी दिसल्या. तूं दिसला नाहींस."

तिनं हातातला चिंचोका बाजूला टाकला.

"मंगला, पुढें उभी राहा. मागून कांहीं दिसत नाहीं."