‘पुरे’ म्हणणारा आवाज

“खरी आई कशी ओळखायची?” कालिंदीबाईंनी पहिलीच्या वर्गाला विचारलं. डब्याची सुट्टी होत आली, की त्यांच्या जिवाला घोर लागायचा. मुलांच्या कानातल्या बटणांतून खाऊच्या जाहिराती आता हुबेहूब ज्याच्या त्याच्या आईच्या आवाजात बोलायच्या.

“खरी आई ‘पुरे’ म्हणते!” वर्ग एका सुरात ओरडला. जाहिरात कधीच ‘पुरे’ म्हणत नाही, हे बाईंनी रोज घोकून घेतलं होतं.

घंटा झाली. शर्वीने दोन घास खाल्ले, डबा मिटला आणि क्रीमच्या बिस्किटांचा पुडा फोडला.

“अगं, ती जाहिरात आहे!”

“नाही बाई, आईच आहे. ती म्हणाली, ‘पोळीभाजी पुरे, आता बिस्किटं खा.’”

बाईंनी मान वर केली. वर्गभर डब्यांची झाकणं खटाखट लागत होती.